फोटोत शेंदरी, हातात गुलाबी

आज रंगाबद्दल बोलायचंय आणि तेही नुसत्या आवाजात. आता काय करणार, विषयच तसा आहे.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो. जिग म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ, मागं रंगीत पिसं, दोरे, चमकी बांधलेली. पाण्यात झटके देत ओढला की माशाला वाटतं, खाणं पळतंय. मी हे परभणीत घरीच बांधतो. येलदरीच्या धरणावर सोबत येणाऱ्या मित्रांसाठी सुरुवात केली होती, मग फोनवर ऑर्डरी यायला लागल्या.

गेल्या पावसाळ्यात बारा जिग परत आले. गिऱ्हाईक म्हणाला, "दादा, फोटोत शेंदरी होता, हातात आला तर गुलाबी." कुरियरचे दोन्हीकडचे पैसे माझेच गेले. ते जाऊ द्या. पण त्यानं दोन्ही फोटो शेजारी-शेजारी मासेमारीच्या ग्रुपवर टाकले. त्यानंतर महिनाभर एक ऑर्डर नाही. आणि खरं सांगू का, चूक त्याची नव्हतीच. मी रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो काढला होता.

आपला डोळा लबाड असतो. पिवळ्या उजेडातही पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो, कारण मेंदू सांभाळून घेतो. फोनही तेच करायला बघतो, पण अंदाजानं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळा बल्ब साधारण 2700, दुपारचं ऊन 5500 च्या आसपास, मोकळ्या आकाशाखालची सावली 7000 च्या वर. हा आकडा फोन चित्र बघून ठरवतो. आणि चित्रात नुसताच पोपटी जिग आणि हिरवी ताडपत्री असेल, तर फोनला वाटतं उजेडच हिरवा आहे. मग तो हिरवा काढून टाकायला जातो, आणि जिग मेलेल्या पानासारखा दिसतो.

मग करायचं काय? त्याला खरा पांढरा दाखवायचा. आपल्या कृषी विद्यापीठात कुणी मृदाशास्त्र शिकणारा ओळखीचा असेल तर विचारा. काळ्या मातीचा रंग ते नुसता "काळा" असा लिहीत नाहीत. मुन्सेलचं रंगांचं पुस्तक असतं, त्यातल्या चौकोनाशेजारी ढेकूळ धरायचं, जुळेल तो आकडा लिहायचा. तेही दिवसाच्या उजेडात. आपल्यालाही तसंच काहीतरी शेजारी ठेवायला पाहिजे.

झेरॉक्सचा कागद चालेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण त्यात जास्त पांढरं दिसावं म्हणून निळसर चमक देणारं रसायन असतं. मी वापरतो ती नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशात मिळते. पुठ्ठ्यावर आठ-दहा थर घट्ट गुंडाळा, खालचं दिसता कामा नये. जिगशेजारी ठेवा, फोटो काढा, मग एडिट करताना ती टेप पांढरी होईपर्यंत रंग सरकवा. जिग आपोआप जागेवर येतो.

जागा म्हणाल तर सकाळी ओसरीत, सावलीत, मोकळ्या आकाशाकडं तोंड करून. घरातला दिवा बंद. दोन प्रकारचे उजेड मिसळले की टेपसुद्धा वाचवत नाही. शेजारी गुलाबी भिंत नको, अंगात लाल टी-शर्ट नको, तो रंग जिगवर पडतो. (हे मला बायकोनं दाखवून दिलं.) जिगवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, आणि उजेड थोडा खाली ओढा. भडक लाल, शेंदरी यांत फोनचा लाल भाग आधी भरून जातो, मग दोरा न् दोरा दिसायच्या ऐवजी एक लाल डाग उरतो. टेपही जळून सफेद होता कामा नये, नाहीतर तिचा उपयोग नाही.

आता एक गोष्ट जमतच नाही. फ्लुरोसंट पोपटी. तो रंग अतिनील आणि निळा उजेड खाऊन हिरवा-पिवळा म्हणून बाहेर टाकतो, त्यामुळं उन्हात नुसता पेटतो. घरच्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतं, तिथं तोच जिग मंद. आणि उन्हातला तो भडकपणा फोनच्या स्क्रीनला दाखवताच येत नाही. काही जण एडिट करून चमक वाढवतात. मी सोडून दिलं. फोटोखाली सरळ लिहितो: "फ्लुरोसंट आहे, उन्हात यापेक्षा भडक दिसेल." कोंबड्याच्या शेपटीच्या काळ्या पिसाचंही तसंच. तिरपं केलं की हिरवी झाक येते, म्हणून त्याचे दोन फोटो टाकतो.

चॅटवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक रंगीत दोऱ्यांचा रंग आधी फासला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

राहिला समोरच्याचा फोन. त्याच्या स्क्रीनवर भडक मोड चालू असेल तर तुमची सगळी मेहनत पाण्यात. त्यासाठी मी जिगच्या कडेला नव्या नोटेचा फक्त कोपरा ठेवतो. 100 ची लॅव्हेंडर, 200 ची पिवळी, रंग रिझर्व्ह बँकेनं ठरवलेला. गिऱ्हाईकाला सांगतो, तुमच्या खिशातली नोट काढा आणि स्क्रीनशेजारी धरा. नोट जेवढी वेगळी दिसेल, तेवढाच जिगही वेगळा समजा. नोट मळकी नको, एवढंच.

तो बारा जिगवाला दादा दिवाळीनंतर परत आला. सहा घेतले, शेंदरीच. नोट धरून बघितली का, विचारलं. म्हणाला, "दोनदा."