चावी ज्याच्या हाती



तुरुंगाविषयी बोलावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कैदी उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. येरवड्याचा तुरुंग १८७१ मधला. १९३२ चा पुणे करार तेथेच झाला. कोण नेते आत होते, हे आपणांस पाठ आहे. पण त्यांच्यासाठी ज्याने फाटक उघडले आणि लावले, तो शिपाई कोणाच्या स्मरणात आहे? मी तुरुंगखात्यात नोकरी केली, म्हणून आज त्याच्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

त्याचा दिवस गिनतीने सुरू होतो आणि गिनतीनेच संपतो. सकाळी माणसे मोजून बराक उघडावयाची, संध्याकाळी मोजून बंद करावयाची. एक माणूस कमी भरला तर सगळे काम जागच्या जागी थांबते. शिपायाला कोणी मोजीत नाही, पण आयुष्याचा मोठा भाग तोही भिंतीआडच काढतो. १८९४ च्या तुरुंग कायद्याने तुरुंगाधिकाऱ्याला तुरुंगातच राहावयास लावले. अधीक्षकाच्या लेखी परवानगीवाचून त्याने एक रात्रही बाहेर काढू नये असे सांगितले. कर्तव्यात कसूर किंवा भ्याडपणा केला तर दोनशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही! त्या काळी दोनशे रुपये ही लहान रक्कम नव्हती.

एक प्रसंग सांगतो. रात्री बराकीत एका कैद्याला दम्याचा झटका आला. बाहेर पहाऱ्यावर एकटा शिपाई. रात्री कुलपाची चावी पहारेकऱ्याजवळ नसते. त्याने हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. तेव्हा पहारा सोडून तो धावत दवाखान्याकडे गेला. कैदी वाचला. दुसऱ्या दिवशी जागा सोडल्याबद्दल शिपायाला दंड झाला, आणि त्या कागदावर सही माझी होती. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. तो मात्र पुढे पुन्हा कधी धावला नाही. कोणी कण्हले तरी जागेवरून हलत नसे. त्याला तसा मीच केला, असे आज मला वाटते.

आपण म्हणतो, तुरुंगातली माणसे निर्दय असतात. काही असतात, लाच खाणारे, मारहाण करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांची तरफदारी मी करणार नाही. पण निर्दयपणा नेहमीच स्वभावातून येत नाही. पुष्कळदा तो भीतीतून आणि थकव्यातून येतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि आत होते ५,७३,२२० लोक. त्यांतील चारांपैकी तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हावयाचा आहे असे. उलट कर्मचाऱ्यांच्या मंजूर जागांपैकी सुमारे तीस टक्के रिकाम्या! एकाने दोघांचा पहारा करावयाचा, आणि वर सौजन्यही दाखवावयाचे?

दुसरा मार्ग नाही असे मात्र नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत निघाली. कैदी तेथे शेती करीत, बायकामुलांसह राहत. त्या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन १९५७ साली शांतारामबापूंनी ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. सहा कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या त्या जेलरसाठी आपण थिएटरात डोळे पुसले. पण तसा जेलर खरोखर निपजावा, यासाठी आपण काय केले?

२०२३ साली केंद्राने आदर्श कारागृह कायदा तयार केला, त्यात ‘सुधारसेवा’ हा शब्द आला. शब्द चांगला आहे. पण सुधारणा करणार कोण? कायदा दिल्लीत लिहिला जातो. रात्री दोन वाजता बराकीबाहेर उभा असतो तो शिपाईच. त्याला पुरेशी झोप, जोडीला दुसरा माणूस, आणि माणुसकीपायी पहारा सोडला तर पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ, एवढे तरी द्या. मला ते त्या रात्रीनंतर देता आले नाही. म्हणूनच हे आपणांपुढे बोललो.