केंद्रकांची मोजदाद

कर्करोगाचा संशय आला म्हणजे रोग्याच्या शरीरातील एक लहानसा तुकडा काढून घेतात, मेणात बसवून त्याचे केसाहूनही पुष्कळ पातळ काप करतात आणि काचपट्टीवर ठेवून ते रंगवितात. मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यापासून मिळणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळीजांभळी होतात. इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी होतो.

निरोगी केंद्रके बहुधा एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. रोग बळावला की ती फुगतात, वेडीवाकडी होतात, एकीचे रूप दुसरीला मिळत नाही. स्तनाच्या कर्करोगाची प्रत ठरविण्याची जी पद्धत एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ साली मांडली, तिच्या तीन कसोट्यांपैकी ही एक होय. परंतु थोडे वेडेवाकडे कोणते आणि फार वेडेवाकडे कोणते? एकाच काचपट्टीविषयी दोन निष्णात विकृतिशास्त्रज्ञांचे मत जुळतेच असे नाही. आणि प्रत बदलली की उपचारही बदलू शकतो.

म्हणून ही मोजणी संगणकाकडे सोपविण्याचा प्रयत्न सुरू झाला. आरंभीच्या पद्धती गडद आणि फिकट एवढाच भेद जाणत. एकटेदुकटे केंद्रक त्यांना सापडे. पण एकमेकांना चिकटलेली दोनतीन केंद्रके त्या एकच समजत. कर्करोगात तर अशीच दाटी फार. जेथे मोजणीची खरी गरज, तेथेच यंत्र फसे.

अखेर यंत्राला उदाहरणे दाखवून शिकविण्याचा मार्ग निघाला. त्यासाठी आधी कोणीतरी अचूक उदाहरणे तयार करणे प्राप्त होते. नीरज कुमार, अमित सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सात अवयवांच्या ३० चित्रांतील २१,००० हून अधिक केंद्रकांच्या कडा हाताने रेखून घेतल्या आणि तो संग्रह जगातील संशोधकांना खुला केला. २०१८ साली त्याच्या आधारे आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली.

तरीही एका रुग्णालयाच्या काचपट्ट्यांवर शिकलेले यंत्र दुसरीकडे रंगाची छटा थोडी बदलताच चुकू शकते. ते न थकता हजारो केंद्रके मोजते, त्यांचे आकारमान सांगते. परंतु ती मोजणी पटण्याजोगी आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकातून पुन्हा पाहून ठरवावे लागते. त्या निर्णयाखाली सही आजही विकृतिशास्त्रज्ञाचीच असते.