वाटेवर पडलेला मनुष्य आणि आपलें दार
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं गतकालाचें स्तवन करावें, पूर्वजांनीं उभारलेल्या मंदिराचा गौरव करावा, ही रीत आहे. आणि ती योग्यच आहे. परंतु मंदिर कितीही सुंदर असलें, तरी त्याचें दार कोणासाठीं उघडतें आणि त्या दारापर्यंत येण्यास कोण लाजतो, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाला केव्हां ना केव्हां स्वतःस विचारावाच लागतो. मद्य व मादक पदार्थ यांचें व्यसन आणि मनाचे विकार यांनीं गांजलेले लोक अशा लाजणाऱ्यांत पहिले होत. त्यांच्याशीं कसें वागावें, याचा एक धडा घेण्यासाठीं आम्ही तुम्हांला आज दूरच्या एका शहरांत, अमेरिकेंतील बोस्टन येथें, नेणार आहों.

बोस्टनमधील पहिलें आरोग्य-मंडळ १७९९ सालीं स्थापन झालें. त्याचा पहिला अध्यक्ष पॉल रिव्हिअर हा स्वातंत्र्ययुद्धांतील प्रसिद्ध देशभक्त असून धंद्यानें चांदीचा कारागीर होता. त्या काळचे शत्रू म्हणजे सांथीचे रोग. पुढें १९९६ सालीं शहराचें जुनें रुग्णालय व विद्यापीठाचें रुग्णालय एक झालें, तेव्हां सार्वजनिक आरोग्याचें काम पाहण्यासाठीं हल्लींचा आरोग्य-आयोग अस्तित्वांत आला. त्याच्यापुढें एक निराळाच शत्रू उभा राहिला. प्रथम हेरॉईन व वेदनाशामक गोळ्या, आणि त्यानंतर फेंटानिल. हें द्रव्य मॉर्फिनहून सुमारें शंभरपट तीव्र असतें. मिठाच्या कांहीं कणांएवढा त्याचा अंशही प्राण घेऊं शकतो. मनुष्य झोपल्यासारखा दिसतो, श्वास मंदावतो, आणि थांबतो.

या शत्रूशीं लढतांना आयोगानें जो क्रम धरिला तो लक्षांत घेण्यासारखा आहे. आधीं मनुष्य जिवंत ठेवावा, मग त्याला उपचाराच्या वाटेला लावावें, असा तो क्रम होय. नॅलोक्सोन नांवाचें एक औषध आहे. तें नाकांत फवारलें असतां अफूवर्गीय द्रव्याचा अंमल कांहीं मिनिटांत उतरतो व श्वास पुन्हां चालूं होतो. २००६ सालीं आयोगानें हें औषध केवळ वैद्यांच्या हातीं न ठेवितां व्यसनी माणसांच्या, त्यांच्या सोबत्यांच्या व आप्तांच्या हातीं देण्यास आरंभ केला, आणि तें कसें वापरावें हेंही शिकविलें. कारण ज्या क्षणीं श्वास थांबतो त्या क्षणीं वैद्य जवळ नसतो. जवळ असतो तो मित्र, भाऊ किंवा आई.

दुसरी गोष्ट उघड्या दाराची. व्यसन सोडण्याची इच्छा मनांत फार काळ टिकत नाहीं; सकाळीं उगवते आणि सायंकाळीं मावळते. म्हणून आयोगानें अशी कचेरी ठेविली कीं, तेथें आधीं वेळ न ठरवितां कोणीही यावें, आणि कोठें खाट रिकामी आहे, कोठें मेथाडोनचा उपचार मिळेल, हें तेथील सेवकांनींच त्याला शोधून द्यावें. गर्भवती व लेंकुरवाळ्या स्त्रियांसाठीं निराळें निवासस्थान आहे. तेथें मातेला मुलापासून न तोडतां उपचार होतो. कारण मूल हिरावलें जाईल या भीतीनें कित्येक स्त्रिया आपला आजार लपवून ठेवितात.

मनाच्या दुःखाकडेही आयोगानें पाठ फिरविली नाहीं. ज्या वस्तींत खून किंवा गोळीबार होतो, तेथें शोकाकुल कुटुंबांना व शेजाऱ्यांना धीर देणारीं पथकें जातात. २०२२ सालीं मानसिक स्वास्थ्यासाठीं एक स्वतंत्र केंद्र निघालें व त्यानें तरुणांच्या मनाकडे विशेष लक्ष दिलें. मनोव्यथा आणि व्यसन हीं बहुधा एकाच घरांत नांदतात. एकीला औषध द्यावें व दुसऱ्याला हांकलून द्यावें, असें करितां येत नाहीं.

हें सारें सुरळीत झालें असें समजूं नका. बोस्टनच्या बंदरांतील लाँग आयलंड बेटावर निराश्रितांचा निवारा व व्यसनमुक्तीचीं अनेक घरें होतीं. ८ ऑक्टोबर २०१४ रोजीं तेथें जाणारा पूल धोक्याचा ठरून बंद झाला, आणि शेंकडों माणसांना तत्काळ बेट सोडावें लागलें. पुढील वर्षांत मॅसॅच्युसेट्स व मेल्निया कॅस या रस्त्यांच्या चौकाभोंवतीं तंबूंची वस्ती वाढत गेली. २०२२ च्या जानेवारींत नगरशासनानें कित्येकांना राहण्यास खोल्या देऊन ते तंबू काढिले. २०२३ सालीं तंबू उभारण्यास मनाई करणारा नियम झाला. आसरा नाहींसा झाल्यानें रोगी नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या रस्त्यावर दिसूं लागतो, एवढेंच. तरीही श्रम वायां गेले नाहींत. २०२४ सालीं बोस्टनमधील अशा मृत्यूंची संख्या आदल्या वर्षाहून एकतृतीयांशापेक्षां अधिक घटली. त्या वर्षीं साऱ्या अमेरिकेंतच घट झाली, म्हणून सर्व श्रेय एका आयोगाला देणें न्यायाचें होणार नाहीं. पण त्याचा वांटा नाकारणेंही न्यायाचें नव्हे.

आतां तुमच्यापैकीं कोणी विचारील, हाच आयोग व्यसनी माणसांना स्वच्छ सुयाही देतो, हें पापाला साहाय्य नव्हे काय? प्रश्न योग्य आहे, आणि नीतिशास्त्राच्या पंडितांत त्याविषयीं मतभेद आहेत. एचआयव्ही व यकृतदाह यांचा प्रसार थांबावा हा त्या सुयांचा हेतु. शिवाय सुई घेण्यास आलेला मनुष्य रक्ततपासणीच्या व उपचाराच्या दारापर्यंत येऊन पोंचतो. त्या वादाचा निकाल आम्ही येथें लावीत नाहीं. परंतु श्वास थांबलेल्या मनुष्याला वांचविण्याविषयीं वाद कसला? बुडणाऱ्याला ओढून काढतांना तो पाण्यांत कां उतरला, हें कोणी विचारीत नाहीं. पश्चात्ताप करण्यासाठीं आधीं जिवंत असावें लागतें. यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याला शोमरोनी प्रवाशानें तरी काय विचारलें? कांहीं नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेंत नेलें, आणि पुढच्या खर्चाची हमी दिली.

पवित्र ख्रिस्तसभाही आपल्या लेंकरांकडे याच दृष्टीनें पाहते. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनें जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधि नाकारला होता. १९८३ च्या संहितेंत ती बंदी राहिली नाहीं. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथानें शिकविलें कीं, तीव्र मनोविकार, भीति किंवा यातना यांमुळें मनुष्याची जबाबदारी कमी होऊं शकते, आणि अशा आत्म्यांच्या तारणाविषयीं आशा सोडूं नये. मग ख्रिस्तसभेनें जी कुजबुज थांबविली, ती आपण अंत्ययात्रेंत कां चालूं ठेवावी?

आपल्या गांवीं बहुतेक घरांचें दुःख फेंटानिलचें नाहीं, बाटलीचें आहे. लग्नाच्या मांडवांत तिला मान आहे, आणि तिच्यामुळें पडलेल्या माणसाला मात्र मान नाहीं. बायको शेजाऱ्यांना सांगते, "ह्यांना ताप आहे". मुलें शाळेंत तेंच सांगतात. आणि दहा वर्षें निघून जातात. हा लपंडाव मद्यापेक्षां अधिक घातक आहे. वास्तविक साहाय्य दूर नाहीं. १९३५ सालीं अमेरिकेंत जन्मलेली अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना १९५७ पासून भारतांत आहे. तिच्या सभांना पैसा लागत नाहीं व नांवगांव सांगावें लागत नाहीं. कुटुंबियांसाठीं अल-अनॉन आहे. वांद्रें येथें १९८१ सालीं फादर जो परेरा यांनीं कृपा फाउंडेशन सुरू केलें, आणि पुण्यास १९८६ सालीं मुक्तांगण निघालें. शासनानेंही मनाच्या व्यथेसाठीं १४४१६ व व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ हे दूरध्वनिक्रमांक ठेविले आहेत.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं आमची तीन मागणीं आहेत. आपल्या दालनांतील आठवड्याची एक सायंकाळ मद्यपाशांतून सुटूं पाहणाऱ्यांच्या सभेसाठीं राखून ठेवावी, आणि त्या वेळीं दालनांत कोण गेलें हें कोणीही पाहूं नये. वरील दोन्ही क्रमांक मंदिराच्या सूचनाफलकावर कायम असावेत. आणि ज्याच्या घरीं हें दुःख आहे, त्यानें आमच्याकडे यावें; पापनिवेदनासाठीं यावें, किंवा नुसतें बोलण्यासाठीं यावें, दिवसा यावें, रात्रीं यावें. येणाऱ्याला प्रथम बसावयास आसन मिळेल, प्रश्न मागाहून.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडिलांनीं हें मंदिर बांधिलें तेव्हां त्याला दार ठेविलें तें आंत येणाऱ्यांसाठीं. ज्यांना आंत येण्याचें बळ नाहीं त्यांच्याकडे आपण चालत जाऊं या. आजाऱ्यांना स्पर्श करणारा प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस तें धैर्य देवो, आणि दुःखितांची माता पवित्र मरिया आपल्या घराघरांचें रक्षण करो. आमेन.