ईव्ह आणि खऱ्या ख्रिस

दुभंगलेल्या ओळखीवर थरारपट लिहायचा तर अमेरिकेतल्या ख्रिस कॉस्टनर साइझमोर यांची हकिकत आधी समजून घ्यावी. जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे डॉक्टर थिग्पेन आणि क्लेक्ली यांनी त्यांच्यावर उपचार केले, पुस्तकही लिहिलं. १९५७ मध्ये त्यांच्या हकिकतीवर ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ हा चित्रपट आला; त्यात त्यांचं नाव ईव्ह होतं. ईव्हची तिन्ही व्यक्तिमत्त्वं साकारणाऱ्या जोॲन वुडवर्ड यांना ऑस्कर मिळालं. पडद्यावरची ईव्ह बरी झाली. ख्रिस मात्र पुढे कित्येक वर्षं झगडत राहिल्या; आपल्यात वीसहून अधिक व्यक्तिमत्त्वं वावरत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं.

‘सायको’ या थरारपटानंतर मात्र पडद्यावर दुसरी ओळख म्हणजे खुनी, असा साचाच पडला. तो अशा रुग्णांवर अन्याय करणारा आहे. खरा थरार आठवणीतून हरवलेल्या तासांत आहे: कपाटातला हा नवा पोशाख आणला कोणी? लेखकांनो, कथा तिथून सुरू करा.