एका कपाटात मावेल एवढं

शाळेत आपण दोन गणवेशांवर वर्षं काढली. एक अंगावर, एक दोरीवर. गेल्या वर्षी मुलाकडे राहायला आले, एकच कपाट वाट्याला आलं, तेव्हा ते आठवलं.

१९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरननं आपसांत जुळणाऱ्या ७ कपड्यांचा संच आणला होता. आपलं गणितही तसंच: ५ कुर्ते, ३ सलवारी, २ ओढण्या, सगळं एकमेकांवर शोभेल असं घेतलं तर ३० जोड होतात. साड्यांचं खरं दुखणं ब्लाउजचं. एक काळा, एक सोनेरी शिवला की निम्म्या साड्यांचं भागतं. शिंप्याला आत माया जास्त ठेवायला सांगा, या वयात मापं हलतात!

आईच्या दोन साड्या मात्र मी हिशेबात धरल्या नाहीत. नेसणं होत नाही, देणंही होत नाही.