घरची शाळा आणि दहा माणसे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात कुकटपल्ली, हैदराबाद येथील एका सभासदाने केलेले भाषण)



चिटणीसांनी मला पत्र घातले की, आपल्या मुलांच्या समारंभाविषयी चार शब्द बोला. समारंभ अजून व्हावयाचा आहे. तेव्हा तयारीविषयीच बोलतो आणि शेवटी एक मागणे मागतो.

आम्ही कुकटपल्लीस राहतो. हैदराबादेत आपले सिनेगॉग नाही. माझी दोन्ही मुले शाळेत जात नाहीत. त्यांचा अभ्यास मी व त्यांची आई घरीच घेतो. पुढे ती मुक्त विद्यालयाच्या परीक्षेस बसतील. आता मुलास तेरावे वर्ष पुरे होईल व मुलीस बारावे. दोघांची बार मित्झ्वा व बाथ मित्झ्वा एकदमच करण्याचे आम्ही योजिले आहे. "घरात शिकलेल्या पोरांची कसली बार मित्झ्वा?" असे एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले.

मी त्यांस म्हटले, काका, आपली सारी जमातच घरात शिकलेली आहे! सामुएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले ते १७९६ साली. त्यापूर्वी कित्येक पिढ्या कोकणातील खेड्यांत शेमा, सुंता आणि शब्बाथ कोणी टिकविले? घरांनीच. शनिवारी घाणा बंद राही, म्हणून शेजारी आपणांस 'शनवार तेली' म्हणू लागले.

आता तयारीचे सांगतो. वाढदिवस हिब्रू पंचांगाने धरावयाचा. वय पुरे होताच जबाबदारी अंगावर येते. ती समारंभाची वाट पाहत नाही. म्हणून मुलगा आपल्या दिवसापासून तफिलिन बांधू लागेल. समारंभ मात्र धाकटीस बारा पुरी झाल्यावर. दिवस गुरुवार ठरविला आहे. शब्बाथला तफिलिन बांधीत नाहीत, आणि परगावच्या पाहुण्यांस त्या दिवशी प्रवास करता येत नाही. रविवारी तोरा वाचली जात नाही. गुरुवारी वाचली जाते. गुरुवारचे वाचन थोडके, किमान दहा पासूकांचे, घरी शिकणाऱ्यास झेपण्याजोगे. मुंबईचे एक हजान आठवड्यातून एकदा फोनवर चाल शिकवितात. अर्थासाठी मुलांची आजी मराठी प्रार्थनापुस्तक घेऊन बसते. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, त्याचे मोल आम्हांस आता कळते.

समारंभ पुण्यास, रास्ता पेठेत. नंतर मलिदा, पोहे, ओले खोबरे व फळे आजीच्या देखरेखीखाली.

मुलीचा प्रश्न कठीण होता. न्यूयॉर्कमध्ये १९२२ साली ज्युडिथ कॅप्लन या मुलीची बाथ मित्झ्वा झाली, तेव्हापासून ही प्रथा अमेरिकेत पसरत गेली. आपल्याकडे ती अजून नवी वाटते. भावाचे सारे पासूक तिलाही पाठ आहेत. किंबहुना तो अडखळला की सैंपाकघरातून तीच पुढचा शब्द सांगते. एके दिवशी तिने विचारले, "बाबा, मिन्यानला दहा माणसे लागतात ना? त्या दहांत मी का नाही?" मी म्हणालो, आपल्या सिनेगॉगची रीत तशी आहे, आणि आपण तेथे पाहुणे म्हणून जात आहोत. उत्तर खोटे नव्हते. पण तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही नाही. शेवटी असे ठरले की, प्रार्थना आटोपल्यावर त्याच वाचनाचा अर्थ ती मंडळींपुढे मराठीत सांगेल. ती लिहीत आहे. मला दाखवीत नाही.

आता माझे मागणे. घरी पुष्कळ शिकविता येते. पण दहा माणसे घरी बनविता येत नाहीत. पूर्वी याच तयारीत एका ठिकाणी आम्ही सकाळी गेलो होतो. आठजण जमले. तासभर वाट पाहिली, आणि सेफेर न उघडताच परतलो. मुलगा परतीच्या गाडीत काही बोलला नाही.

संस्थेने पन्नास वर्षे शिष्यवृत्त्या दिल्या, औषधपाणी केले. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आता एक वही घालावी. सिनेगॉगपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी आडवारी सकाळी उभे राहावयास जे तयार असतील, त्यांची नावे तीत लिहावी. दहा नकोत, पंधरा लिहा. दोघांचा ताप आणि एकाची चुकलेली गाडी धरून! परदेशी गेलेल्या आपल्या माणसांमुळे ही वही दरवर्षी अधिक लागणार आहे.

पहिले नाव मी माझेच देतो. कोणाच्याही मुलासाठी, आणि मुलीसाठीही, हैदराबादेहून येईन.

शालोम.