तेलाची पट्टी आणि तिचे वाचन

(शासकीय वाहनचालकांच्या उजळणी वर्गातील भाषण)



इंजिनात तेल कमी पडले तर काय होते, हे वाहन चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. बेअरिंगे जळतात, पिस्टन अडकतो, इंजिन खोलावे लागते. या भयामुळेच तेलाचा डबा नेहमी हाताशी ठेवला जातो, आणि संशय आला की थोडे तेल ओतले जाते. ‘जास्त झाले म्हणून काय बिघडते?’ हा प्रश्न गॅरेजपासून कार्यालयाच्या आवारापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. तेल जास्त झाले तर पुष्कळ बिघडते, आणि ते जास्त होण्याचे कारण बहुधा पट्टी चुकीची वाचणे हे असते.

उदाहरणादाखल एका कार्यालयातील डिझेल जीपची हकीकत घ्यावी. तिचा नेहमीचा चालक आठ दिवसांच्या रजेवर गेला. बदली चालकाने पणजीत पेट्रोलपंपावर गाडी उभी केली, डिझेल भरून होईपर्यंत बॉनेट उघडले आणि तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली दिसले. त्याने एक लिटरचा डबा विकत घेऊन तो सबंध ओतला. उरलेले तेल कोठे ठेवावयाचे, हाही विचार त्यात होताच. ही नोंद लॉगबुकात त्या दिवशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातील मदतनिसास ‘जीपमध्ये तेल कमी आहे’ एवढाच निरोप मिळाला, आणि त्याने भांडारातील आणखी एक लिटर तेल ओतून भांडाराच्या वहीत तसे लिहिले. आठवड्यानंतर नेहमीचा चालक कामावर आला. साखळी, केरी मागे टाकून जीप चोर्ला घाटाला लागली तेव्हा मागून निळसर धूर येऊ लागला. गाडी जड चालू लागली व तेल जळल्याचा वास बसणाऱ्यांच्या नाकात भरला.

यापुढे जे घडले ते अधिक दुःखद होते. गाडी तेल खाते, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, असे निदान झाले व इंजिनाचे काम काढण्याचे अंदाजपत्रक मागविण्यात आले. इकडे लेखाशाखेने विचारले की, एका आठवड्यात दोन लिटर तेल कोठे गेले? संशय चालकावर आला. एका जुन्या मेकॅनिकने सकाळी, गाडी सपाट जागी रात्रभर उभी असताना, पट्टी काढून पाहिली नसती तर इंजिनही खोलले गेले असते आणि एका प्रामाणिक माणसाच्या सेवापुस्तकावर डागही पडला असता. तेल पट्टीच्या वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलेले होते. ते चोरीस गेले नव्हते, सर्वच्या सर्व इंजिनातच होते.

मग पेट्रोलपंपावर पट्टी खोटे का बोलली? वस्तुतः ती खोटे बोललीच नाही, तिला अवेळी विचारले गेले. इंजिन चालू असताना पंप चेंबरमधील तेल उचलून क्रँकच्या बेअरिंगांना, तेथून वर कॅमशाफ्ट व टॅपेटांपर्यंत पोचवितो. इंजिन बंद होताच हे सारे तेल भिंतींवरून, नळ्यांतून हळूहळू खाली ओघळते. त्यास वेळ लागतो. बंद केल्याबरोबर पट्टी पाहिली तर वरचे तेल वरच असते आणि चेंबरमधील पातळी खरीपेक्षा कमी दिसते. म्हणून इंजिन गरम असेल तर ते बंद करून निदान पाच ते दहा मिनिटे थांबावे. पंपावर रांग असते, मागचा माणूस भोंगा वाजवितो. तेथे ही प्रतीक्षा शक्य नाही हे खरे. तेव्हा तेथे पट्टी पाहूच नये, हे उत्तम.

तेल तापले की फुगते, हीही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दर दहा अंशांस ही वाढ सुमारे पाऊण टक्का असते. सकाळी तीस अंशांवर असलेले चार लिटर तेल नव्वद अंशांपर्यंत तापले तर ते दीडशे मिलिलिटरहून अधिक फुगते. पट्टीच्या दोन खुणांमध्ये एक लिटरचे अंतर असेल तर हा फरक त्या अंतराच्या सहाव्या भागाइतका होतो. म्हणून सकाळचे थंड वाचन व दुपारचे गरम वाचन एकमेकांशी ताडून पाहू नये. काही उत्पादक थंड इंजिनावर पट्टी पाहावयास सांगतात, काही गरम इंजिन बंद करून ठराविक मिनिटांनी. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काय सांगते ते एकदा वाचावे आणि दर वेळी त्याच रीतीने पाहावे. पुस्तिका हरवली असेल, आणि बहुतेक सरकारी गाड्यांची ती हरवलेलीच असते, तर सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहणे सर्वांत निर्धोक. त्या वेळी सारे तेल खाली उतरलेले असते.

जागा सपाट हवी. पणजीतील आल्तिनोच्या चढावर उभ्या केलेल्या गाडीचे तेल एका बाजूस सरकलेले असते. पट्टी इंजिनाच्या पुढच्या अंगास असेल तर एक वाचन मिळेल, मागच्या अंगास असेल तर दुसरे, दोन्ही चूक. एक चाक खड्ड्यात वा पदपथावर असले तरी असाच फरक पडतो.

आता पट्टी पाहण्याची रीत. पट्टी बाहेर काढावी व स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. कॉटन वेस्टने पुसू नये. तिचे तंतू पट्टीस चिकटून इंजिनात जातात. नंतर पट्टी तिच्या नळीत शेवटपर्यंत, मुठीचे बूड टेकेपर्यंत बसवावी. अर्धवट बसलेली पट्टी तेल कमी दाखविते व आणखी तेल ओतावयास लावते. पुन्हा काढून ती आडवी धरावी आणि दोन्ही बाजू पाहाव्यात. नळीच्या भिंतीवरील तेल एका बाजूस फासले जाऊन तेथे रेघ वर चढलेली दिसते; त्या वेळी जी बाजू कमी दाखवील ती खरी मानावी. नवे तेल इतके स्वच्छ असते की त्याची रेषा दिसतच नाही. अशा वेळी पट्टी उजेडाकडे तिरपी धरावी वा पांढऱ्या कागदावर हलकेच टेकवावी. दोन वाचने जुळली नाहीत तर तिसरे घ्यावे.

पट्टीवरील दोन खुणांच्या दरम्यान तेल असणे म्हणजे तेल ठीक असणे. वरच्या खुणेस ते नेमके टेकलेच पाहिजे, असा कोठेही नियम नाही. मधोमध असलेल्या तेलावर गाडी निर्वेधपणे घाट चढते. अनेक छोट्या मोटारींत या दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते, पण नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. समजा, अंतर वीस मिलिमीटर आहे आणि ते एक लिटरचे आहे. तर पाच मिलिमीटर म्हणजे पाव लिटर. तेल ओतताना हा हिशोब करून निम्मेच ओतावे, काही मिनिटे थांबावे व पुन्हा पाहावे.

तांबडा तेलदिवा पाहून तेलाचा अंदाज करणारे चालकही पुष्कळ आहेत. तो दिवा तेलाचा दाब सांगतो, तेलाचे माप नव्हे. तो लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि तेल जास्त झाल्याचे तर तो सांगतच नाही. काही नव्या महागड्या मोटारींतून पट्टीच काढून टाकण्यात आली आहे. तेथे पडद्यावर पातळी दिसते, परंतु सपाट जागेची व ठराविक वेळेची अट तेथेही सुटलेली नाही.

तेल वाजवीहून अधिक झाले म्हणजे आत काय घडते? मिनिटास तीन हजार फेरे म्हणजे सेकंदास पन्नास. या वेगाने फिरणारा क्रँक नेहमी तेलाच्या पृष्ठभागाच्या वरून फिरतो. पातळी चढली की त्याची वजने व कनेक्टिंग रॉडची टोके तेलात आपटू लागतात. रवीने ताक घुसळावे तसे तेल घुसळले जाते, त्यात हवा मिसळते व फेस होतो. पंप तेलाऐवजी हा फेस ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही; म्हणून बेअरिंगांतील तेलाचा पातळ पापुद्रा तुटतो, दाब पडतो, टॅपेटे टकटक करू लागतात. म्हणजे तेल भरपूर असूनही इंजिन तेलावाचून तळमळते. शिवाय चेंबरमधील तेलाची वाफ व तुषार ब्रीदरच्या नळीवाटे हवेच्या वाटेत ओढले जातात आणि सिलिंडरमध्ये जळतात. निळा धूर तो हाच. पेट्रोल गाडीचे प्लग काळे होतात, सायलेन्सरमधील धूर शुद्ध करणारे यंत्र खराब होते. सीलांवर ताण येऊन तेल झिरपू लागते. डिझेल इंजिनाच्या बाबतीत आणखी एक भयंकर शक्यता आहे. तेथे हे तेलच इंधनाचे काम करू लागते आणि इंजिन चावी फिरवूनही बंद होत नाही, वेग वाढतच जातो. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे इंजिन बंद पडते. एरवी गाडी थांबविता येताच खाली उतरून दूर व्हावे.

वरच्या खुणेहून केसभर तेल वर दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु अर्धा लिटर वा त्याहून अधिक झाल्याचे दिसत असेल तर गाडी चालवू नये, तेल कमी करावे. तत्पूर्वी ते जास्त का झाले, याचा विचार अवश्य करावा. कोणी ओतलेले नसताना पातळी आपोआप चढली असेल तर प्रकरण निराळे आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यानुसार आलेल्या बहुसंख्य डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. ती जाळून साफ करण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते, व गाडी रोज थोड्याच अंतरावर फिरत असली की त्यातील काही तेलात उतरते. तेलाला डिझेलचा वास येतो, ते पातळ होते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर, किंवा हेड गॅस्केट गेल्यावर, तेलात पाणी मिसळून ते दुधाळ कॉफीसारखे दिसते. या दोन्ही प्रसंगी वरचे तेल उपसून भागत नाही; कारण शोधून सबंध तेल बदलावेच लागते. दुधाळ तेल दिसल्यावर इंजिन सुरूच करू नये.

निव्वळ जास्त ओतल्याने पातळी चढली असेल तर दोन वाटा आहेत. पहिली पट्टीच्या नळीची. बारीक प्लास्टिकची नळी त्यात सोडून हातपंपाने किंवा मोठ्या सिरिंजने तेल ओढून घ्यावे व मापाच्या डब्यात जमवावे. तोंडाने कदापि ओढू नये. वापरलेल्या तेलात आरोग्यास अपायकारक द्रव्ये असतात. ही वाट सोपी व स्वच्छ आहे. दुसरी वाट चेंबरच्या तळाच्या नटाची. इंजिन कोमट असावे, कढत नसावे. गाडीखाली शिरावयाचे असल्यास केवळ जॅकवर भिस्त ठेवू नये, भक्कम स्टँड लावावेत व चाकांना अडसर घालावा. नट सैल करून थोडेसेच तेल सोडणे हे बोलण्याइतके सोपे नाही; धार एकदम सुटते व नट हातातून निसटून डब्यात पडतो. तेल बदलण्याची वेळ जवळ आलीच असेल तर सगळेच काढून मोजून नवे भरणे शहाणपणाचे. परत लावताना वायसर नवा घ्यावा. नट आवळताना जोर दाखवू नये. ॲल्युमिनियमच्या चेंबरची आटी मोडली तर नवा खर्च उभा राहतो.

दुचाकीस्वारांसाठी, विशेषतः मोटारसायकल पायलटांसाठी, दोन शब्द. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी, बाजूच्या स्टँडवर कललेली नको. बऱ्याच दुचाकींची पट्टी टोपणास जोडलेली असते, व काही नमुन्यांत ती आटी न फिरविता नुसती टेकवून पाहावयाची असते. फिरवून पाहिली तर ती अधिक खोल जाते व तेल आहे त्याहून जास्त दाखविते. पाहणारा निश्चिंत राहतो आणि इंजिन उपाशी पडते.

काढलेले तेल गटारात, विहिरीजवळ किंवा आवाराच्या कोपऱ्यात ओतण्याची सवय अजून गेलेली नाही. गोव्याची जांभ्याची जमीन सच्छिद्र आहे. तीत ओतलेले तेल पावसाबरोबर खाली उतरते आणि त्याच आवारातील विहिरीचे पाणी बिघडवू शकते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे. कार्यालयांनी ते झाकणाच्या डब्यात साठवून तशी व्यवस्था करावी.

त्या जीपचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. दोन खुणांमध्ये एक लिटरचे अंतर होते व मूळ तेल मधोमध होते, म्हणजे दोन लिटर ओतल्यावर ते वरच्या खुणेपेक्षा दीड लिटर अधिक झाले असले पाहिजे, असा त्या मेकॅनिकने हिशोब केला. हातपंपाने त्याने दीड लिटरहून थोडे जास्त तेल काढले, दोन मिनिटे इंजिन चालविले, दहा मिनिटे थांबून पट्टी पाहिली. तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली होते. भरलेला मापाचा डबा लेखाशाखेच्या मेजावर ठेवण्यात आला. सायलेन्सरमध्ये साचलेले तेल जळेपर्यंत धूर आणखी थोडा वेळ येत राहिला, नंतर थांबला. अंदाजपत्रक परत गेले. लॉगबुकात त्या दिवसाखाली चालकाने स्वतःच्या हाताने तारीख, किलोमीटर, काढलेल्या तेलाचे माप आणि पट्टीचे सकाळचे वाचन अशा चार गोष्टी लिहिल्या, व बदली चालकासही त्याखाली सही करावयास लावली.